लाईट आल्यावर हो कुणी म्हणायचं

आमच्या कारखान्यात मागांना नंबर नाहीत, नावं आहेत. जो माग ज्या गावाहून जुना म्हणून विकत आणला, त्या गावाचं नाव त्याला मिळालं. मालेगाव, भिवंडी, सुरत, इचलकरंजी. मालेगावाहून आणखी एक आला तेव्हा तो छोटा मालेगाव झाला. लाईट गेली की आमचे कारागीर नुसते बसून राहत नाहीत. तुटलेल्या तारा, म्हणजे सुताचे धागे, जोडून घेतात, फणीत अडकलेला गुंता काढतात. म्हणजे त्यांचे हात मागाच्या आत असतात. म्हणून लाईट आली तरी मेन स्विच लगेच वर करायचा नाही, अशी रीत आहे. स्विचपाशी उभा असलेला माणूस थांबतो आणि एकेक कारागीर आपल्या मागाचं नाव घेऊन ओरडतो, "सुरत खाली." "भिवंडी खाली." सुरत मागात कुणाचा हात नाही, असा त्याचा अर्थ. सगळी गावं खाली झाली की स्विच वर. नवख्या माणसाला वाटावं, कुठंतरी मोठी साथ आली आहे आणि गावंच्या गावं ओस पडताहेत.

लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हापासून मी हे ऐकते आहे. माझं माहेर चाळीसगावचं. तिथं मराठी शाळेत शिकले, इथं येऊन मराठी शाळेतच बाई म्हणून नोकरी केली, आणि शाळा सुटली की घरी सासूशेजारी बसून पत्ते ओवले. पत्ते म्हणजे खेळायचे नव्हेत. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यांना भोकं पाडलेली. एकामागे एक दोरीनं ओवून त्यांची लांबच लांब माळ मागावर टांगायची. भोक असेल तिथं तार उचलली जायची, नसेल तिथं नाही, आणि असं करत करत साडीच्या काठावर कुयरी उतरायची. लाईट गेली तर माळ होती तिथं थांबायची. आली तर त्याच पत्त्यापासून पुढे. तिला कुणी उठवावं लागत नसे. नुसती लोंबत असायची, दिवसभर, रात्रभर, तिच्यावर सुताची धूळ बसायची, आणि तिचं काही बिघडत नसे. सासूची बोटं दोरीनं कापलेली असत. माझीही तशीच झाली. तेव्हा मला ते काम मुळीच आवडत नव्हतं आणि आता त्याची आठवण येते, यातलं खरं काय ते मला ठरवता येत नाही.

आता पत्ते नाहीत. माझे मालक, हसनैनचे अब्बा, गेल्यावर कारखाना माझ्या धाकट्या दिराकडे, सरदारकडे आला. त्यानं जुन्याच मागांच्या डोक्यावर काठासाठी इलेक्ट्रॉनिक मशीनी बसवल्या. काठांची डिझाइनं वरच्या मजल्यावरच्या खोलीत एका काळ्या डब्यात असतात. त्याला सर्व्हर म्हणायचं. डब्यात दोन डिस्क आहेत, एकीत डिझाइनं आणि दुसरीत त्यांची नक्कल. खालच्या मशीनी वायरीनं त्या डब्याला जोडलेल्या आहेत. त्या वर विचारतात आणि हवं ते डिझाइन उचलून घेतात.

ही डिझाइनं काढते माझी सून रुखसार. ती पाचोऱ्याची. लग्नाआधी तिथं फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे बोर्ड बनवायची. तालुक्यातल्या सगळ्या पुढाऱ्यांना मीच गोरं केलं, असं ती सांगते. आमच्याकडे आल्यावर तिनं माळ्यावर पडलेल्या पत्त्यांच्या माळा खाली काढल्या, धूळ झटकली आणि एकेक भोक बघून त्यांतले काठ कॉम्प्युटरवर उतरवले. मग स्वतःचे नवे काढायला लागली.

तिचा नवरा, म्हणजे माझा मुलगा हसनैन, भिवंडीत गोदामात कामाला आहे. एका खोलीत राहतो आणि तिला तिकडे बोलावतो. तिचं त्याच्याशी भांडण नाही. पण त्या खोलीत टेबल मावत नाही, आणि मावलं तरी त्यावर काम काय करणार. वरची खोली चालू आहे तोवर मी धुळ्यात, बंद झाली की मी आले, असं तिनं त्याला सांगून टाकलं होतं. सरदारला ती खोली सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळलेली मोठी रिळं, ठेवायला हवी होती. डिझाइनं सुरतेत तयार मिळतात, त्यासाठी घरात माणूस कशाला, हे त्याचं म्हणणं. तरी नंदुरबारच्या एका व्यापाऱ्यानं रुखसारचे काठ पाहून नवे मागितले, म्हणून तो ईदपर्यंत बघू म्हणाला होता. रुखसारचं सगळं त्या 'बघू'वर होतं. आणि ती गेली असती तर घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ.

लाईट गेल्यावर वरची बॅटरी थोडा वेळ टिकते, मग डबाही बंद पडतो. पूर्वी तो हातानं सुरू करावा लागे. बटण दाबायचं, डिझाइनची डिस्क जोडली गेली का बघायचं. ती जुनी झालेली, तिला जागं व्हायला वेळ लागे. मग फोल्डर उघडून डोळ्यांनी खात्री करायची की आत डिझाइनं आहेत, आणि मगच तो खालच्या मशीनींना उघडा करायचा. ही रुखसारनं लावलेली शिस्त. ती पाचोऱ्याला माहेरी किंवा भिवंडीला गेली की हे काम माझ्यावर. जिना लोखंडी, कठडा एकाच बाजूला, आणि माझे गुडघे हे असे. उन्हाळ्यात इथं लाईट किती वेळा जाते ते धुळेकरांना सांगायला नको. लाईट आली की मी चढायची, सगळं बघून हो म्हणायची, उतरून खाटेवर टेकायची, की पुन्हा गेली. एकदा कंटाळून वरच बसून राहिले, तर त्या दिवशी ती गेलीच नाही.

तोवर खाली सगळे खोळंबलेले. गावं खाली करून झालेली असत, पण वरून डिझाइन आल्याशिवाय माग चालवून उपयोग नव्हता. सरदार जिन्याखाली उभा राहून विचारायचा, भाभी, पोचलात का? जसं काही मी हजला निघाले होते.

कॉम्प्युटरचं सगळं योगेंद्र बघतो. हा चाळीसगावजवळच्या खेड्यातला. याचे वडील अभिमन पाटील विहिरीवरच्या मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करायचे, यानंही सुरुवात त्यातच केली. मग कॅमेरे बसवायला लागला, मग कॉम्प्युटर. मी चाळीसगावची म्हणून माझ्याशी अधूनमधून अहिराणीत बोलतो आणि मला अक्का म्हणतो. आमच्या भागात शेतातल्या पंपाला ऑटो लावतात. शेतावर लाईट कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून स्टार्टरला एक डबी जोडून ठेवायची. लाईट आली की पंप आपला आपण सुरू होतो. मालक घरी झोपलेला असला तरी पाणी पिकात जातं. असल्या डब्या योगेंद्रनं शेकड्यांनी बसवलेल्या. एकदा तो आला असताना मी जिन्याच्या मधल्या पायरीवर दम खात बसले होते. त्याला ते बघवलं नाही.

"बठ्ठं ऑटोवर टाकी देस, अक्का," तो म्हणाला. बठ्ठं म्हणजे सगळं. "तुम्ही खाली पडी ऱ्हा."

रुखसार नुकतीच बाहेरून आली होती, ती जिन्याखालून ऐकत होती. तिनं विचारलं, "विहिरीत पाणी नसलं तर तुमचा ऑटो काय करतो?"

"पंप कोरडा चालतो."

"मग?"

"मग मोटर जळते," योगेंद्र हसून म्हणाला. "आणि आमच्याकडे येते."

सरदारला हा विनोद आवडला, पण ऑटो त्याहून जास्त आवडला. लाईट आल्यावर अर्धा-अर्धा तास माग उभे राहतात, हे त्याला बरेच दिवस खुपत होतं. रुखसारचं म्हणणं होतं की डबा आपोआप सुरू व्हायला तिची हरकत नाही, पण फोल्डर उघडा करायच्या आधी कुणीतरी बघितलं पाहिजे. सरदार म्हणाला, बघणारी तू पाचोऱ्याला आणि भाभी जिन्यात, मग बघणार कोण? मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, करू दे ऑटो. मला खरंच दमायला झालं होतं. लोक समजतात, म्हाताऱ्या माणसांना सगळं हातानं करायचं असतं. मला नाही. हातानं फार करून झालं आहे.

तर योगेंद्रनं ऑटो केलं. लाईट आली की डबा उठे, फोल्डर उघडा करी आणि लगेच दुसऱ्या डिस्कवर नक्कल घेई. सुरुवातीला एक अडचण आली. डिझाइनची डिस्क जागी व्हायच्या आत खालच्या मशीनी फोल्डर मागत, तो सापडला नाही की लाल दिवा लावून बसत, आणि कारागिरांना एकेका मशीनचं बटण दाबत फिरावं लागे. त्यांनी कटकट केली. मग योगेंद्रनं आणखी एक सोय केली. फोल्डर नसेल तर डब्यानं त्याच नावाचा फोल्डर स्वतःच बनवायचा, म्हणजे मशीनींना काहीतरी सापडेल आणि त्या रुसणार नाहीत. डिस्क काय, मागून येईलच. नक्कल घेतानाही एक सोय होती. पहिलीत जे आहे तेच दुसरीत ठेवायचं, पहिलीत नसेल ते दुसरीतूनही काढून टाकायचं. नाहीतर कचरा साचतो, तो म्हणाला. प्रत्येक सोय वेगवेगळी ऐकली तर शहाणपणाचीच वाटत होती.

पुढचे दिवस मला फार बरे गेले. लाईट यायची, खालून गावांची नावं ऐकू यायची, स्विच वर गेल्याचा खटका, मग मागांची धडधड. मी खाटेवरून उठत नसे. माझ्यावाचून सगळं चालतं आहे याचं मला जराही वाईट वाटलं नाही. एक डुलकी व्हायची.

मग रुखसारच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ती पाचोऱ्याला गेली. नंदुरबारचे काठ जवळजवळ पूर्ण झाले होते. व्यापारी आठवड्याभरात यायचा होता. जाताना तिनं काहीच सूचना दिली नाही, कारण आता सूचना द्यायला काही उरलं नव्हतं.

दुपारी लाईट गेली, आली. खाली ओरडून झालं, माग सुरू झाले. काठ नेहमीसारखेच पडत होते. या मशीनींची एक सवय आहे. फोल्डर सापडला, पण त्यात काही मिळालं नाही, तर आधीचं जे डिझाइन पोटात असेल तेच त्या विणत राहतात. त्यामुळे खाली कुणालाच काही वेगळं दिसलं नाही. मीही खाटेवर होते.

रुखसार दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आली. बुरखा खुंटीला अडकवला, आईचा डोळा बरा आहे म्हणाली, आणि चहा न घेताच वर गेली. थोड्या वेळानं जिन्यावर उभी राहिली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"अम्मी, काल वर कुणी आलं होतं का?"

"नाही ग. कुणीच नाही. सगळं आपोआप झालं."

ती पुन्हा आत गेली. मग डब्याचा पंखा बंद झालेला मला ऐकू आला. तिनं तो बंद केला होता, आणि ती तो कधी बंद करत नाही. मी चढले. फोल्डर उघडला तेव्हा आत काहीही नव्हतं, असं तिनं सांगितलं. दुसऱ्या डिस्कवर पाहिलं तर तिथंही काही नव्हतं. काय झालं ते तिनं मला दोनदा समजावलं, तेव्हा कळलं. लाईट आली तेव्हा डिझाइनची डिस्क उठलीच नाही. डब्यानं तिची वाट न बघता रिकामा फोल्डर बनवला, तो सगळ्यांना उघडा केला आणि मग दुसरी डिस्क त्याच्यासारखीच करून ठेवली. म्हणजे रिकामी. सांगितलेलं सगळं काम त्यानं चोख केलं होतं.

आता डिझाइनं कुठं असलीच तर त्या न उठणाऱ्या जुन्या डिस्कमध्ये.

योगेंद्र चाळीसगावहून मोटरसायकलवर आला. वाटेत हेल्मेटच्या आत काय काय बोलला असेल ते त्यालाच माहीत; आत आला तेव्हा गप्प होता. त्यानं डिस्क बाहेर काढली, दुसऱ्या वायरीला जोडली आणि मोटरच्या बेअरिंगला लावावा तसा तिला कान लावला. आत काहीतरी टकटक करत होतं.

"बेअरिंग गयी शे हिनी, अक्का," तो हळूच म्हणाला. रुखसारकडे त्यानं पाहिलं नाही.

डिस्क कधी फिरे, कधी अडे. फिरत असेल तेवढ्या वेळात जमेल ते तो ओढून घेई. पुसून गेलेल्या दुसऱ्या डिस्कमधूनही काही निघतं का ते त्यानं पाहिलं. तिच्यावर त्यानंतर डब्यानं आपल्याच कामाच्या नोंदी रात्रभर लिहिल्या होत्या, काही निघालं नाही. दिवसभर तो बसला होता. मी वरच जेवण पाठवलं, ते त्यानं खाल्लं नाही. रुखसार त्याच्या शेजारी स्टुलावर बसून येणाऱ्या फाइलींची नावं वाचत होती. आधी जुने काठ आले, पत्त्यांवरून उतरवलेले. ते बहुतेक सगळे आले. मग नंदुरबारचे यायला लागले आणि जेमतेम दोन-तीन आले तोच टकटक थांबली. योगेंद्रनं पुष्कळ वेळ प्रयत्न केला. डिस्क पुन्हा फिरली नाही.

रुखसार रडली नाही. ती खाली मागांजवळ गेली. नंदुरबारच्या काठांचे नमुने विणून पाहिलेले होते, तेवढे कपड्याचे तुकडे तिनं गोळा केले, भिंग घेतलं आणि तारा मोजायला बसली. कापडावरून पुन्हा काठ काढायचे होते. ते होण्यासारखं होतं, पण आठवड्यात नाही.

संध्याकाळी सरदार वर आला. तो दुष्ट माणूस नाही. त्यालाही वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की तो निर्णय घेतो. त्यानं व्यापाऱ्याला फोन केला होता. तो म्हणाला होता, होतील तेवढे द्या, उरलेले दिवाळीला बघू. सरदारनं मान हलवली आणि म्हणाला की आता ही कटकट नकोच. सुरतेहून आणू. योगेंद्रला दोष नाही, कुणालाच नाही. खोलीत कोन ठेवू. रुखसारला हसनैनकडे जायचंच आहे एक ना एक दिवस.

"चाचा," रुखसार भिंगावरून मान न उचलता म्हणाली, "तुम्ही मेन स्विचला ऑटो का नाही लावत?"

सरदार म्हणाला, "तिथं माणसांचे हात असतात."

"इथं माझे आहेत."

योगेंद्र दाराशी उभा होता. तो खाली बघू लागला. सरदार खुर्चीवर बसला, म्हणजे आता तो लगेच जाणार नव्हता. मग बरंच बोलणं झालं. योगेंद्र म्हणाला की तो सगळं पुन्हा पहिल्यासारखं हातावर करून देतो. रुखसार नको म्हणाली. उठायचं काम डब्यानं स्वतः करावं, त्यात माणसाचे गुडघे कशाला झिजवायचे. डिस्क आली की नाही तेही त्यानंच बघावं, आणि नसेल आली तर काही न बनवता, काही न पुसता, गप्प उभं राहावं. आली असेल तरीसुद्धा फोल्डर उघडायच्या आधी थांबून विचारावं. नक्कल घ्यायच्या आधी पुन्हा विचारावं. बाकी सगळं त्यानं करावं. या दोन ठिकाणी हो म्हणायचं काम माणसाचं.

योगेंद्रला हे पटलं. तो म्हणाला, मग मी हे 'हो' मोबाइलवर आणून देतो, म्हणजे अक्कांना खाटेवरूनच म्हणता येईल. हे ऐकून मला एकदम हलकं वाटलं. पण रुखसारनं मान हलवली.

"मोबाइलवर कुणी वाचत नाही," ती म्हणाली. "हो, हो, हो करत पुढे जातात. मीसुद्धा तेच करते. इथं बसून, मोठ्या पडद्यावर, दोन-तीन काठ उघडून पाहायचे. अर्धवट नाहीत ना, फाटलेले नाहीत ना. मग हो."

"आणि तू नसलीस की?" सरदारनं विचारलं. "लाईट तुझ्यासाठी थांबत नाही. वर घरचं माणूस पाहिजे, कायम. तसं असेल तर खोली राहू दे. नसेल तर माझ्या मागांना असं उभं ठेवता येणार नाही मला."

मला कुणी काही विचारलं नाही. सगळे नुसते गप्प बसले, आणि घरात सगळे गप्प बसले की ते कुणाची वाट बघत असतात ते इतक्या वर्षांत मला कळायला लागलं आहे. मी आधी म्हणाले, डबाच खाली आणा. ते शक्य नव्हतं. खाली हवेत इतकं सूत उडतं की डब्याचा पंखा महिन्याभरात चोंदला असता. कारागिरांच्या छातीचं काय होतं ते आम्ही इतकी वर्षं बघतोच आहोत.

मग मी म्हणाले, "डबा खाली येत नसेल तर माझी खाट वर न्या."

सरदार म्हणाला, भाभी, या वयात? मी म्हटलं, या वयातच. तरुण असते तर चढले-उतरले असते.

दुसऱ्या दिवशी दोघा कारागिरांनी खाट उभी करून जिन्यातून वर चढवली. कठड्याला घासून तिच्या एका पायाचा रंग गेला. सुताच्या कोनांसाठी रिकामा केलेला कोपरा होता, तिथं ती मावली. उशाशी पाण्याचा तांब्या, खिडकीपाशी नमाजची चटई, समोर टेबलावर रुखसारचा कॉम्प्युटर. रुखसारनं सगळं लावून दिलं आणि मग माझ्या पायांशी बसली. माझ्यामुळे ती राहिली, असं तिला वाटावं असं मला वाटत नव्हतं. तिच्यामुळे मी इथं अडकले, असं तिला वाटू नये असंही वाटत होतं. दोन्ही खरंच होतं.

योगेंद्रनं डब्याचं पुन्हा लावलं. जुनी डिस्क त्यानं फेकून दिली नाही, घरी नेली. नव्या डिस्क त्यानं स्वतःच आणल्या. त्याबद्दल कुणी बोलू लागलं की तो विषय बदलतो.

रुखसारनं रमजान सुरू व्हायच्या आत नंदुरबारचे निम्मे काठ कापडावरून परत उभे केले. तिचे डोळे लाल झालेले असत. सगळं हुबेहूब आलं नाही, एका वेलीचं वळण तिला सापडलंच नाही, तिनं ते वेगळं घेतलं. व्यापाऱ्याला फरक कळला नाही. तिला कळला. त्यानं ते घेतले. सरदारनं कोन गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवायला सुरुवात केली आणि खोलीबद्दल पुन्हा काही म्हणाला नाही.

मग ती आठ दिवसांसाठी भिवंडीला गेली. लग्नानंतर इतके दिवस ती तिकडे पहिल्यांदाच राहणार होती. आतापर्यंत जाऊन दुसऱ्या दिवशी परत यायची, कारण लाईट. बॅग भरताना तिनं दोनदा मला विचारलं, जमेल ना? मी म्हटलं, मला नुसतं बघायचं तर आहे. बघायला काय लागतं.

पण लागतं. हे मी आता लिहून ठेवते, कारण ज्यांना बघावं लागत नाही त्यांना ते कळत नाही. चढणं-उतरणं गेलं, तरी दमणं गेलं नाही. लाईट गेली की आधी मी जागी होते. आली की चष्मा शोधते. पडद्यावर डबा विचारतो, डिस्क आली आहे, उघडू का? मी तो प्रश्न तीन वेळा वाचते, कारण एकदा वाचला की हात आपोआप 'हो'कडे जायला लागतो. मग एक काठ उघडते, दुसरा उघडते. रोज तेच काठ उघडले तर डोळे ते बघत नाहीत, म्हणून रोज वेगळे. खाली उतरायचं म्हणजे पुन्हा चढायचं, म्हणून मी उतरतही नाही. शेजारच्या बायका खालून हाक मारतात आणि मी खिडकीतून बोलते.

परवा दुपारी लाईट आली. खालची आरोळी संपली. डब्यानं विचारलं. मी चष्मा लावला आणि एक जुना काठ उघडला, तो बरोबर होता. नंदुरबारचा एक उघडला. त्यात रुखसारनं नव्यानं घेतलेलं ते वळण होतं. वेल वर जाते, जरा थबकते आणि मग दुसरीकडे वळते. आधीचं कसं होतं ते मला आता आठवत नाही. मी टोकापर्यंत सरकवत नेला. कुठं तुटला नव्हता.

"भाभी," सरदारनं खालून विचारलं, "झालं का? सगळे थांबलेत."

"थांबू दे," मी म्हणाले. "अजून एक बघायचा आहे."

खाली कुणीतरी हसलं, कुणीतरी बिडी पेटवायला बाहेर गेल्याचा आवाज आला. मी तिसरा काठ उघडला, चष्मा पुसला आणि पहिल्या तारेपासून बघायला लागले. पुष्कळ वेळ लागला. मग मी हो म्हणाले, आणि माझ्या खाटेखालची फरशी थरथरायला लागली.